झोळीची लय

वर्षावास सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर फ्लेक्सचा नमुना आला. डाव्या कोपऱ्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो होता. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, म्हणून जरा दचकलेला. उजवीकडे हार्मोनियमचं चित्र होतं. ते आबांच्या पेटीसारखं अजिबात नव्हतं, फारच चकचकीत होतं. मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'संसारासाठी कलेचा त्याग करणारे उपेक्षित कलावंत'. त्याखाली आबांचं नाव, आणि नमुन्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं आहे. 'उपेक्षित' हा शब्द तिथे कायम तयार असतो. माणूस गेला आणि त्याच्याविषयी फारशी माहिती हाताशी नसली की तो कामाला येतो. त्याची एक सोय आहे. उपेक्षा कोणी केली, हे सांगावं लागत नाही. अशा बातम्यांच्या समासात मी दोनच प्रश्न लिहायचे : कोणी? कधी? आबांच्या बाबतीत हे प्रश्न कोणीच विचारत नव्हतं, कारण वाडीला उत्तर माहीत होतं. उत्तर मी होते.

आमची बौद्धवाडी पोलादपूरच्या अलीकडे, हायवेवरून खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटी. वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. भिक्खूंनी पावसात भटकंती थांबवून एका ठिकाणी राहायचं, त्यावरून तो आला. आमच्याकडे या दिवसांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, कधी विहारात, कधी पाळीपाळीने घरांत. भातलावणी करून आलेली माणसं पाय धुऊन बसतात, तरी बोटांच्या बेचक्यांत चिखल राहतोच. बायका पांढरी पातळं नेसतात. दमट हवेत वाळवलेल्या त्या पातळांना शेवटपर्यंत पावसाचा वास असतो. वंदना, वाचन, मग गाणी, मग चहा. आबा या सगळ्यात गाण्यांच्या वेळचे. पण ते येत सगळ्यांच्या आधी, कारण पेटी आणायला वेळ लागायचा.

पावसात पेटीचे हाल असतात. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, एखादा सूर दाबल्यावर वर येतच नाही आणि सगळ्या गाण्यावर भुणभुणत राहतो. यावर आबांचा उपाय साधा होता. चुलीच्या वर आमच्याकडे एक बांबूची फळी टांगलेली असते. तिच्यावर पावसाळ्यात सुकी लाकडं, सुकट, बियाण्याच्या काकड्या असं ठेवतात. आबा सुकटीची टोपली एका बाजूला सरकवून पेटी तिथे ठेवत. त्यामुळे वर्षावासात पेटीला धुराचा आणि सुकटीचा वास यायचा. भाता हलला की तो वास सुरांबरोबर पुढच्या दोन रांगांपर्यंत जायचा. 'यशवंता, आज सूर कमी नि सुकट जास्त,' असं कोणीतरी म्हणायचं. आबा म्हणायचे, 'मंग भाकरी घेऊन ये.'

एका वर्षी पेटी जास्तच शेकली आणि भात्याचं कातडं तडकलं. आबांनी माझ्या फाटक्या रेनकोटचा तुकडा कापून चिकटवला. निळा तुकडा. तो अजून आहे.

आबा महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. पाळ्या बदलत्या. पहिली पाळी असली की ते दुपारी यायचे, कपड्यांना आंबूस वास, आणि अंगणातच शर्ट काढून बादलीत टाकायचे. त्या शर्टाला हात लावायचा नाही, हा घरातला नियम. ते तो स्वतः धूत. त्यानंतर चहा, आणि मग घरातली कामं. पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, आमचे पाढे घ्यायचे. पेटी या कामांच्या नंतर यायची असं कोणी समजेल. तसं नव्हतं. ती त्यांच्या मधोमध असायची.

माझा भाऊ झोळीत होता तेव्हाचं आठवतं. आई अंगणवाडीत मदतनीस होती, ती दुपारी घरी नसे. आबा झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधत आणि पेटी पुढे घेऊन बसत. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, पायाने झोळी. पाय जसा हलेल तशी गाण्याची चाल. भाऊ झोपत आला की चाल मंद व्हायची, किरकिर करू लागला की जरा जलद. पुढे तो शाळेत जाऊ लागला, झोळी सुटली, पण आबांची लय तशीच राहिली. वाडीतले तबला वाजवणारे वैतागायचे. 'ह्याच्या गाण्यात कोणतरी झोपलेलं हाय,' असं म्हणायचे.

दहावीच्या वर्षी मी अभ्यासाला बसले की आबा भाता न हलवता नुसती बोटं फिरवायचे. पट्ट्यांचा टकटक आवाज यायचा, सूर नाही. भूमितीची प्रमेयं मी त्या टकटकीवर पाठ केली. कोणतं गाणं चाललंय हे बोटांवरून ओळखता यायचं. चुकीचं ओळखलं तर ते मान हलवायचे आणि पुस्तकाकडे बोट दाखवायचे.

यातलं कुठलं दृश्य उपेक्षित माणसाचं आहे, मला सांगा.

वाडीची गोष्ट अशी. कॅसेटचे दिवस होते. सुधाकरकाका हे आबांचे बालमित्र, वाडीतलेच, आवाज मोठा आणि गोड. ते मुंबईत नोकरी करत आणि एका गायन पार्टीत गात. आबांनी महाडच्या तळ्यावर एक गाणं रचलं होतं. काकांना ते कॅसेटवर घ्यायचं होतं, आणि पेटीवर आबाच हवे होते. एका वर्षावासात काका स्वतः आले आणि आबांना घेऊन गेले. आबांनी कारखान्यातून रजा काढली, पेटीला चादर गुंडाळली आणि ते पोलादपूर स्टँडवरून एसटीने गेले. काही दिवसांत रेकॉर्डिंग न करताच परत आले. त्याच सुमारास मला हिवताप झाला होता. दोन्ही गोष्टी वाडीने एकमेकींना जोडल्या. लेकीच्या तापाची बातमी कळली आणि बाप रेकॉर्डिंग टाकून धावत आला. कॅसेट निघाली, काका गायले, पेटीवर दुसरं कोणी होतं. गीतकार म्हणून आबांचं नाव छापलेलं होतं, बारीक अक्षरांत पण बरोबर.

ही गोष्ट माझ्याबरोबर वाढली. लग्नांत, बारशांत, कोणाच्या तरी जेवणाच्या पंगतीत ती निघायची. 'तुझ्या तापापायी तुझ्या बापाची क्याशेट गेली गो,' असं कमळआत्या हसत म्हणायची आणि माझ्या पानात आणखी एक घावन टाकायची. त्यात वाईट हेतू नव्हता. कौतुकच होतं, आबांचं. फक्त त्या कौतुकाची किंमत म्हणून माझं नाव असायचं. आबा असले की ते म्हणायचे, 'घावन खा, थंड होतंय.' हो नाही, आणि नाहीही नाही.

आबा गेल्या थंडीत गेले. जेवून, पान लावून, ओट्यावर बसलेले असताना. त्यानंतरचा हा पहिला वर्षावास. वाडीने ठरवलं की पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी विहारात त्यांच्या स्मृतीचा कार्यक्रम करायचा. सुधाकरकाका मुंबईहून येणार होते. फ्लेक्सवरचा मजकूर त्यांचाच होता.

मी शनिवारी घरी पोहोचले. महाडपासून गाडीच्या काचेबाहेर सावित्री गढूळ, भरलेली. रस्ता आता रुंद झालाय आणि कशेडीला बोगदा झालाय. पूर्वी घाटात दरड आली की ट्रकांची रांग आमच्या वाडीच्या वळणापर्यंत लागायची. अडकलेले ड्रायव्हर संध्याकाळी पेटीचा आवाज ऐकून खाली उतरत आणि विहाराच्या दाराशी उभे राहत. आबा गाणं न थांबवता मानेने त्यांना आत बोलवायचे. एकदा त्यातल्या एकाने, ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, डिझेलच्या रिकाम्या डब्यावर असा ठेका धरला की आमच्या तबलेवाल्याने तबला बाजूला ठेवला. गाणं संपल्यावर आबा त्याला म्हणाले, 'उद्या पन दरड पडू दे.' त्याला काही कळलं नाही. तोही हसला.

आई चुलीपाशी सुकट निवडत बसली होती. मी तिला तो प्रश्न विचारला, जो माझ्यासारख्या माणसाने डेस्कवरच्या पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता आणि घरच्या गोष्टीला कोणी विचारत नाही.

'आई, आबांना मुंबईत माझ्या तापाचं कळलं कसं?'

'कोणाला?'

'आबांना. निरोप कोणी दिला?'

'निरोप कोण देणार? फोन होता तो दुकानात, हायवेवर. मी तुला टाकून दुकानात जाणार?' तिने सुकटीतला एक खडा बाजूला टाकला. 'आन ताप तरी कुठं होता तवा. ते आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी भरला तुला ताप. घरात आले तवा तू पेरूच्या झाडावर होतीस. खाली उतर म्हणून ओरडले ते तुला.'

मी विचारलं, 'मग ते परत कशाला आले?'

आई हसली. आबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

'आवडलं नाय त्यांना. काचेची खोली होती म्हणाले. गाणं चालू असताना कोण बोलत नाय. कोण खोकलं तरी परत पयल्यापासून. म्हणाले, मेल्यावर पण माणसं एवढी गप बसत नायत.'

'एवढंच?'

'एवढंच काय? त्यांना पोरं रडायला पायजेत, भांडी वाजायला पायजेत. मी आतून काय बोलले नाय तं म्हणायचे, झोपलीस काय गो? असा माणूस काचेत कसा बसेल?'

हे खरं होतं, आणि मी ते रोज पाहिलं होतं. आबा गात असत, आई आतून म्हणायची, भाताकडे बघा. आबा गाण्याच्या ओळीतच 'बघतो, बघतो' असं सुरात म्हणून पुढे जायचे. तळ्याच्या गाण्याचं तर ठरलेलं होतं. आबांची ओळ होती, 'तळ्यावरून आलो आम्ही ओंजळ घेऊन'. आई दर वेळी आतून ओरडायची, 'घेऊन नाय, भरून. तळ्यावर गेलेला माणूस रिकामी ओंजळ घेऊन कशाला येईल?' आबा पुढच्या खेपेला 'भरून' म्हणायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यांदा 'घेऊन'च. ते विसरत नव्हते. तिच्या ओरडण्यासाठी जागा ठेवत होते.

'मग तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?' मी आईला विचारलं.

'काय सांगू? सुधाकर भावोजींनी हौसेनं नेलं. आन वाडीत सांगायचं, ह्यांना करमलं नाय तुमच्या रेकॉर्डिंगात? त्यांना किती लागलं असतं. ते पण बोलले, राहू दे, लोकं म्हणतात तं म्हणू दे, पोरीसाठी आला म्हणतात, ते काय वाईट हाय?'

'आणि मला?'

'तुला काय?'

'मला म्हणतात ना. माझ्यामुळे गेली म्हणून.'

आईचा हात थांबला. 'कोण म्हणतं?'

मी नावं घेतली. कमळआत्याचं घेतलं, आणखी दोघांचं. हसत म्हणतात, हेही सांगितलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, लहानपणी ताप पाहायची तसं.

'आन तू ऐकून घेत होतीस? एवढी शिकून?'

तिने सुकटीचं ताट सरकवलं आणि पदराला हात पुसले. 'तो बॅनर कोणी लिवला?'

'काकांनी.'

'उपेक्षित म्हणजे काय ते मला कळतं गो. कोणी विचारलं नाय तो. ह्यांना कोणी विचारलं नाय? मी नव्हते?'

'हौशी' या शब्दाबद्दल मला काही तक्रार नाही. हौशी गायक, हौशी वादक, आमच्या पानांवर हे शब्द जरा खालच्या आवाजात छापले जातात, जणू पुढे 'च' असावा. आबा हौशी होते, पूर्णपणे. गाण्यात आपण कुठवर जायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि ती जागा विहाराच्या जोत्यापासून आमच्या चुलीपर्यंत होती. एखाद्याला ती लहान वाटेल. पण त्या जागेत त्यांनी तीन पिढ्यांची बारशी आणि लग्नं वाजवली, दोन मुलं जोजवली, आणि एकदाही मागे वळून मुंबईकडे पाहिलं नाही. त्याग करायला आधी ती वस्तू हवीशी असावी लागते. ज्याला काचेची खोली नको होती, त्याने तिचा त्याग केला असं लिहिणं ही चुकीची बातमी आहे. संसाराच्या ओझ्याखाली कला दबली, हे वाक्य मी अनेकांच्या मृत्युलेखांत वाचलं आहे आणि कापलं आहे. आमच्या घरात संसार हेच त्यांचं गाण्या-वाजवण्याचं ठिकाण होतं. झोळी काढून घेतली असती तर लय गेली असती.

रविवारी विहार भरला. फ्लेक्स मागच्या भिंतीवर, पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. सुधाकरकाकांचे गुडघे आता वाकत नाहीत, त्यांना खुर्ची दिली होती. त्यांच्यासमोर टेबलावर आबांची पेटी, निळ्या तुकड्यासकट. वंदना झाली, वाचन झालं. मग काका बोलायला लागले. आवाज अजून मोठा, अजून गोड. शाळेच्या दिवसांपासून सुरुवात केली आणि मुंबईपर्यंत आले.

'स्टुडिओत यशवंता बसलेला. समोर माईक. उद्या त्याचं नाव महाराष्ट्रभर होणार. आणि तेवढ्यात लेकीच्या आजारपणाची बातमी येते. काय करावं त्या बापानं? एका बाजूला कला, एका बाजूला...'

'भावोजी, थांबा जरा.'

आई बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून बोलली, आतून बोलायची तशी.

'बातमी आली नव्हती. पोरीला ताप आला तो ते घरी आल्यावर. त्यांना तिथं आवडलं नाय, म्हणून आले.'

बाहेर पत्र्यावरून पाणी पडत होतं.

'वैनी...'

'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघं गप राहिलो. आता तो माणूस नाय, आन पोरीच्या नावावर ही गोष्ट फिरते. मला ती नको. त्यांनी काय सोडलं नाय. जे पायजे होतं ते धरून बसले. आन तो शब्द,' तिने फ्लेक्सकडे हात केला, 'तो उतरवा. माझ्या घरात चाळीस माणसं गाणं ऐकायला बसायची. ती कोण होती? तुम्हीच होतात. कमळवन्सं, तू होतीस ना? मंग उपेक्षित कोणी केला, तू?'

कमळआत्या म्हणाली, 'मी कशाला करू बाय? मी तं घावन पन आणायची.' आणि मग माझ्याकडे पाहून तिने मान खाली घातली.

काका बराच वेळ पेटीकडे पाहत होते. मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

'काच होती खरी,' ते म्हणाले. 'जाड काच. मलापण नव्हतं आवडलं, वैनी.' मग म्हणाले, 'पण मी थांबलो.'

हे कोणाच्या भाषणात बसणारं वाक्य नव्हतं आणि त्याच्यापुढे त्यांनी काही जोडलंही नाही. त्यांनी पेटी जवळ ओढली, भात्याची कडी काढली. पेटीने पहिला श्वास घेतला तेव्हा वास आला, धुराचा आणि सुकटीचा. पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. काकांनाही तो कळला असावा, कारण त्यांनी डोळे मिटले.

पौर्णिमेपासून आई पेटी चुलीवरच्या फळीवर ठेवत होती, हे मला तेव्हा समजलं. वाजवायला कोणी नसताना.

काकांनी तळ्याचं गाणं सुरू केलं. कॅसेटवर ते जलद आहे. इथे त्यांनी ते सावकाश घेतलं, झोळीच्या लयीत. तबलेवाला काही म्हणाला नाही. मागे एक बाळ रडायला लागलं, त्याच्या आईने ते बाहेर न्यायला उचललं, तर काकांनी मानेने तिला खाली बसवलं. चहाची भांडी वाजली. खोकलं कोणीतरी. गाणं त्या सगळ्याच्या मधून पुढे चाललं आणि त्या ओळीपाशी आलं.

'तळ्यावरून आलो आम्ही ओंजळ घेऊन...'

'भरून,' आई म्हणाली.

काकांनी ओळ पुन्हा घेतली. 'भरून' म्हणाले. या वेळी बायकांची पूर्ण बाजू त्यांच्याबरोबर म्हणाली, मग पुरुषांची. मीही म्हणाले.

फ्लेक्स त्याच रात्री उतरला. फ्लेक्स पावसाळ्यात कोणी टाकून देत नाही. तो आता आमच्या परसातल्या लाकडांवर आहे, अक्षरं खालच्या बाजूला, चार कोपऱ्यांवर चार दगड. लाकडं कोरडी राहिली आहेत. त्यांचीच चूल पेटते, आणि वर फळीवर, सुकटीच्या टोपलीशेजारी, पेटी वाळते आहे. उद्याचं वाचन आमच्या घरी आहे.